काठीवरची मापं: ट्रक बॉडीचा घरचा धंदा तिसऱ्या पिढीकडे जाताना

पार्श्वभूमी

आपल्याकडे ट्रक दोन ठिकाणी तयार होत आला. इंजिन, चाकं आणि पाटे बसवलेली उघडी चॅसिस कंपनी द्यायची. केबिन, हौदा (माल भरायचा भाग), फाळके (हौद्याच्या बाजूच्या आणि मागच्या फळ्या), रंग हा उरलेला ट्रक बॉडीवाल्याच्या शेडमध्ये व्हायचा. डोक्याला उपरणं आणि डोळ्यांना गॉगल लावून, फळीच्या खोक्यावर बसून उघडी चॅसिस हाकणारा ड्रायव्हर ज्यांनी हायवेला पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे प्रकरण अशाच एका बॉडीवाल्या घराचं आहे. घर पश्चिम महाराष्ट्रातलं. नाव-गाव गाळलंय आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत. शेडमध्ये सगळे ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे वापरतो: अण्णा, बापू, दादा, ताई आणि शेडमधले जुने कारागीर मिस्त्री. मी या घराबरोबर सल्लागार म्हणून चारएक वर्षं होतो. त्यामुळे पुढे जिथे जिथे चूक दिसेल तिच्यातला थोडा वाटा माझाही धरावा.

आजोबा बैलगाडीचे सुतार. १९५४ साली टेल्कोनं (आजची टाटा मोटर्स) डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. पुढच्या काही वर्षांत ते ट्रक, बेडफर्ड आणि कुर्ल्याच्या प्रीमियरचे फार्गो-डॉज आपल्या रस्त्यांवर धावू लागले. आजोबांच्या दारात पहिली चॅसिस आली ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, एका गूळ व्यापाऱ्याची. बैलगाडीचा साठा, म्हणजे सांगाडा, बांधणाऱ्या हाताला ट्रकचा हौदा अवघड गेला नाही. ऐंशीच्या दशकात धाकट्या-थोरल्या भावांनी, म्हणजे अण्णा आणि बापूंनी, एमआयडीसीत प्लॉट घेतला. अण्णा शेड आणि गिऱ्हाईक बघायचे, बापू लाकूड, लोखंड आणि बँक. २०१७ साली शेडवर ३४ माणसं होती. त्यांत सुतार, फिटर, वेल्डर, दोन पेंटर आणि केबिनवाले पाच जण.

त्याच वर्षी अण्णांचा मुलगा, म्हणजे दादा, पाच वर्षांची पुण्याकडची नोकरी सोडून परत आला. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. बापूंची मुलगी, म्हणजे ताई, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. कॉमर्स झालेली, आधीपासूनच हिशेब बघणारी. कागदोपत्री मात्र तिचं नाव कुठेच नव्हतं.

अडचण

२०१८च्या जुलैत केंद्रानं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहाचाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. वरवर पाहता बॉडीवाल्याला यात काय? पण रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांना एका रात्रीत जास्त माल कायद्यानं नेता येऊ लागला, आणि नव्या गाड्यांची मागणी बसली. ज्यांनी नवी घेतली ते विचारू लागले की हौदा किती किलोचा होणार. हौद्याचा प्रत्येक किलो मालातून वजा होतो. वजनकाट्यावर लावून पाहिलं तेव्हा यांच्या लाकडी हौद्यात आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका लोखंडी हौद्यात सहाशे किलोंच्या आसपास फरक निघाला. तोही उन्हाळ्यात. पावसाळ्यात फळ्या पाणी पितात ते वेगळंच.

दुसरी गोष्ट केबिनची. एआयएस म्हणजे वाहन उद्योगाची मानकं. त्यांत ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ हा कोड आहे आणि केबिनच्या मजबुतीसाठी एआयएस-०२९. दुसऱ्यात केबिनला समोरून लोलकाचा दणका देतात, छपरावर भार टाकतात, मागच्या भिंतीवर दाब देतात, आणि आत माणूस वाचेल एवढी जागा शिल्लक राहते का ते बघतात. लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकलेली केबिन या परीक्षेला बसवणं म्हणजे निकाल ठाऊक असताना फी भरणं. कंपन्याही आता केबिनसकटच गाडी देऊ लागल्या होत्या.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी होती आणि ती ताईनं शोधली. तिनं २२ गाड्यांच्या स्टिअरिंगला सुतळीनं एकेक वही बांधली. रोज संध्याकाळी त्या गाडीवर कुणी किती वेळ काम केलं ते मुकादमानं लिहायचं. काम झालं नसेल तर का नाही, तेही. सहा महिन्यांनी वह्या एकत्र मांडल्या. चॅसिस आत आल्यापासून ट्रक बाहेर जायला सरासरी २७ दिवस लागत होते आणि त्यातले कामाचे दिवस जेमतेम १० होते. बाकीचे १७ दिवस गाडी नुसती उभी. पेंटर दुसऱ्या गावी गेलाय, लाकूड ओलं आहे, मालकाचं फाळक्याच्या उंचीवर ठरत नाही, मालकाकडून पुढचे पैसे आले नाहीत. एका वहीत सलग चार दिवस एकच शब्द होता: 'गुलाबी'. मालकाला हवी ती गुलाबी छटा मिळत नव्हती.

आता गाडीवाल्याच्या बाजूनं बघा. ३२ लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, हप्ता सत्तर हजारांच्या घरात. चॅसिस ताब्यात आली की हप्त्याचं घड्याळ सुरू होतं. गाडी शेडमध्ये २७ दिवस उभी म्हणजे एक हप्ता कमाईविना गेला. कंपनीची पूर्ण बांधलेली गाडी घेतली तर कर्ज एकच आणि गाडी दुसऱ्या दिवशी मालावर. अण्णा कायम शेजारच्या बॉडीवाल्याला स्पर्धक समजत आले होते. वह्या बघितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपण गाडी बांधत न्हवतो, सांभाळत होतो."

समोरचे पर्याय

२०१९च्या दिवाळीनंतर घर चार वेळा एकत्र बसलं. चार मार्ग टेबलावर होते.

बापूंचं मत सरळ होतं. नवी बॉडी बंद करायची, डागडुजी ठेवायची, अर्धा प्लॉट भाड्यानं द्यायचा. त्यांच्या बाजूला आकडेही होते. ताईच्या हिशेबात नफा नव्या बॉडीत फारसा दिसतच नव्हता. तो होता अपघातातल्या गाड्या, फाळके बदलणं आणि हौद्याचा तळ नव्यानं घालणं यांत. प्लॉट भाड्यानं द्यायला महामंडळाची परवानगी लागते आणि त्याचे पैसे भरावे लागतात, एवढीच अडचण. बापूंचं वय तेव्हा ६१. त्यांच्या म्हणण्यात थकवा होता हे खरं, पण म्हणून ते चुकीचं ठरत नव्हतं. बैठकीत मात्र त्यांना 'धंदा मोडायला निघालेला माणूस' असं धरलं गेलं आणि त्यांचे आकडे कुणी नीट वाचले नाहीत.

दुसरा मार्ग डीलरचा पुरवठादार होण्याचा. एका डीलरनं महिन्याला आठ हौद्यांचं काम देऊ केलं होतं. डिझाइन त्याचं, दर त्याचा, पैसे ९० दिवसांनी. काम नियमित मिळालं असतं. पण ९० दिवसांची उधारी म्हणजे २४ हौद्यांचं लोखंड आपल्या पैशांत अडकवून ठेवणं, आणि बापूंच्या बँकेच्या मर्यादेत ते बसत नव्हतं.

तिसरा मार्ग दादाचा. लाकूड सोडायचं आणि लोखंडी हौद्याची स्वतःची दोन डिझाइनं करायची. एक बारा टायरपर्यंतच्या माल गाड्यांसाठी, एक उसाच्या गाड्यांसाठी. त्यांना चाचणी संस्थेची मान्यता घ्यायची आणि तीच दोन पुन्हा पुन्हा बांधायची. गिऱ्हाइकाला निवड फक्त रंगाची आणि फाळक्याच्या उंचीची. त्यातही उंची तीनपैकी एक.

चौथा ट्रेलर बनवण्याचा. भांडवल बघूनच तो पहिल्या बैठकीत बाजूला पडला.

खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गांत व्हायला हवा होता. झाला तो लाकडावरून. अण्णांचं म्हणणं, लाकूड म्हणजे आपलं नाव. लाकडी हौदा कुठल्याही गावात सुताराकडून दुरुस्त होतो, खड्ड्यात वाकतो आणि परत सरळ होतो. लोखंड वाकलं की वाकलं. हे बरोबरच आहे आणि ऊसवाले त्यासाठीच येत होते. दादाचं म्हणणं, चांगलं लाकूड आता वेळेवर मिळत नाही, आणि मिळतं ते वाळवायला जागा आणि महिने लागतात. एका बैठकीत आवाज चढले.

"आजोबांनी साग आणि किंजळ सोडून दुसरं काही लावलं नाही," अण्णा म्हणाले.

"आजोबांनी बैलगाडी सोडली होती, अण्णा," दादा म्हणाला.

त्यावर अण्णा उठून गेटवर जाऊन बसले. त्या दिवशीची बैठक तिथेच संपली.

काय ठरलं

जानेवारी २०२०मध्ये ठरलं ते असं. केबिन बांधणं पूर्ण बंद. लोखंडी हौद्याची दोन डिझाइनं, मान्यतेसह. डागडुजीचं काम वेगळ्या शेडमध्ये, मिस्त्रींच्या हाताखाली, वेगळ्या हिशेबानं. यात बापूंचा मुद्दा अर्धा आला, पण त्यांच्या नावानं आला नाही. डीलरचं काम पहिलं वर्ष नको. नंतर घेतलं तर एकूण कामाच्या एक तृतीयांशाच्या आत. गिऱ्हाइकाला तारीख लेखी द्यायची. ती चुकली तर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे बिलातून ठरलेली रक्कम कापायची. हे शेवटचं ताईचं आणि अण्णांना अजिबात पटलेलं नव्हतं. "शब्दाला दंड लावायचा?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

'काय जपायचं' याची यादी मी करून घेतली होती. सल्लागार लोकांचा हा आवडता खेळ आहे. अण्णा, बापू, दादा आणि ताई यांनी वेगवेगळी लिहायची आणि मग एकत्र करायची. यादीत आलं: घराचं नाव हौद्याच्या मागच्या फाळक्यावर, आजोबांचा हिरवा-पिवळा काठ, जुन्या गिऱ्हाइकाला उधारी, आणि दुरुस्तीत तरी लाकूड. चार जणांची सही झाली. मिस्त्रींना यादी विचारायचं मला सुचलं नाही. हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात काय केलं

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शेड बंद झालं. त्या काळात दादानं घरी बसून ड्रॉइंगं काढली. त्यासाठी मापं लागत होती, आणि मापं कुठल्याही कागदावर नव्हती. ती काठ्यांवर होती.

शेडच्या मागच्या भिंतीला टेकून ४१ काठ्या उभ्या असत, सागाच्या, पुरुषभर उंचीच्या. प्रत्येक काठी एका चॅसिस मॉडेलची. करवतीच्या खाचा म्हणजे आडव्या तुळयांच्या जागा, आगीनं तापवलेल्या सळईचे डाग म्हणजे हौदा चॅसिसला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या जागा, आणि टोकाची तिरपी खूण म्हणजे रनर, म्हणजे चॅसिसवर लांबीनं टाकलेली हौद्याखालची तुळई, कुठून तासायचा ते. मिस्त्री नवी चॅसिस आली की तिच्याभोवती फिरायचे, काठी उचलायचे आणि खडूनं आखायला सुरुवात करायचे. टेप त्यांच्या खिशात असे, पण त्यांना तो काढताना मी क्वचितच पाहिला.

दादानं ३० काठ्यांवरच्या खाचा मोजून संगणकात घातल्या. उरलेल्या ११ कुठल्या गाड्यांच्या ते कुणाला कळेना. खाचा आणि डाग त्यानं नीट घेतले. टोकाच्या तिरप्या खुणेचं त्याला काही वाटलं नाही. लाकूड वाचवायला किंवा दिसायला बरं म्हणून तासत असतील, असा त्याचा समज झाला. शिवाय नव्या डिझाइनमध्ये लाकडी रनरऐवजी चौकोनी पोकळ नळी होती, आणि नळीचं टोक तासणं कटकटीचं काम.

रुंदी २.६ मीटरच्या आत, मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत, मागून गाडी खाली घुसू नये म्हणून आडवी पट्टी, बाजूचं संरक्षण, परावर्तक टेप अशा सगळ्या गोष्टी पहिल्यांदाच कागदावर आल्या. मान्यतेला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. दोन वेळा कागद परत आले, दोन्ही वेळा चूक यांचीच होती. २०२१च्या पावसाळ्यानंतर पहिला लोखंडी हौदा बाहेर पडला. तोवर एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ या धुराच्या नियमांमुळे गाड्यांच्या किमती वाढल्या होत्या, त्यामुळे उभ्या गाडीचा एक-एक दिवस मालकाला अधिकच महाग पडू लागला होता. लेखी तारखेचा कागद याच वेळी कामाला आला. पहिल्या दहा गाड्यांत तीनदा दंड कापला गेला. चौथ्यांदा पेंटर स्वतःहून रात्री थांबला.

पेंटरपैकी एकानं पुढे काम सोडलं. फवाऱ्यानं एकरंगी हौदा रंगवण्यात त्याला रस नव्हता आणि तसं त्यानं तोंडावर सांगितलं. केबिनवाल्या पाचांपैकी तिघे डागडुजीत सामावले, दोघे गेले. त्यांना बंदची बातमी एका शनिवारी पगाराबरोबर कळली. ही पद्धत वाईट होती.

तडा

२०२२च्या ऑगस्टमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन अण्णांना आला. दहाचाकी गाडी, सात महिन्यांची. केबिनच्या मागे, हौदा जिथे सुरू होतो नेमक्या त्या रेषेत चॅसिसला तडा गेला होता. पंधरवड्यात दुसरी गाडी आली, मग तिसरी. तिन्ही गाड्या खडी आणि वाळूच्या रस्त्यावरच्या, तिन्हींचा तडा त्याच जागी, वरच्या पट्टीपासून खाली उतरलेला. डीलरनं वॉरंटी नाकारली: दोष हौद्याच्या बसवणीत आहे.

दादानं आधी वेल्डिंगवर संशय घेतला, मग पोलादावर, मग जादा मालावर. दोन दिवस आकडेमोड चालली. तिसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रींना डागडुजीच्या शेडमधून बोलावलं. मिस्त्री गाडीखाली गेले, बॅटरी मारली आणि झोपूनच विचारलं,

"नाक कुठाय?"

"कसलं नाक?"

"रनरचं नाक, दादा. नाक तासल्याबिगर रनर बसवत्यात व्हय? आन् खाली पट्टी न्हाई. लोखंडावर लोखंड."

मग त्यांनी खडू घेतला आणि जमिनीवरच समजावलं. तेच माझ्या शब्दांत सांगतो. ट्रकची चॅसिस ताठ नसते; खड्ड्यात ती पिळते, वाकते, आणि तिनं तसं करणंच अपेक्षित असतं. तिच्यावर टाकलेला रनर तिला ताठ करतो. हा ताठपणा एका जागी अचानक संपला तर सगळं वाकणं त्या एका रेषेत गोळा होतं, आणि रोज हजार वेळा तिथेच वाकून लोखंड थकतं. म्हणून रनरचं पुढचं टोक हातभर लांबीत खालून तिरपं तासायचं, म्हणजे ताठपणा हळूहळू सुरू होतो. पुढचा पहिला यू-बोल्ट आवळून मारायचा नाही. रनर आणि चॅसिस यांच्यामध्ये लाकडाची पट्टी घालायची, म्हणजे एकमेकांवर घासत नाही आणि थोडी सरकायला वाव राहतो. लाकडी रनर एरवीही थोडा दबत होता, त्यामुळे साठ वर्षांत एखादं नाक कमी तासलं गेलं तरी खपून गेलं असेल. पोकळ नळीनं तेवढीही दया दाखवली नाही.

संध्याकाळी दादा डीलरकडे गेला आणि चॅसिस कंपनीचं बॉडी बांधणाऱ्यांसाठीचं पुस्तक मागून आणलं. इंग्रजीतलं, कपाटात न उघडलेलं. त्यात आकृतीसकट हेच होतं: पुढचं टोक निमुळतं करा, चॅसिसच्या पट्टीला वेल्ड करू नका, भोक पाडू नका. म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरला ठाऊक होतं आणि मिस्त्रींना ठाऊक होतं. मधल्या माणसानं दोघांनाही विचारलं नव्हतं. त्या मधल्यांत मी होतोच. माझ्या यादीत मागच्या फाळक्यावरचं नाव होतं, पण पुढच्या टोकाचं नाक नव्हतं.

पुढचा निर्णय अण्णांचा, आणि तो त्यांनी कुणाला न विचारता घेतला. तोवर बाहेर गेलेल्या २२ लोखंडी हौद्यांपैकी तडा गेलेल्या तीन गाड्यांचं चॅसिसचं काम घराच्या खर्चानं, आणि उरलेल्या १९ गाड्या बोलावून नवी बसवणी फुकट. बापूंचा विरोध होता. १९पैकी निम्म्या गाड्या सपाट रस्त्यावर चालतात, त्यांना काही होणार नाही, निदान त्यांच्याकडून लोखंडाचे पैसे घ्या, असं त्यांचं म्हणणं. ताईनं हिशेब मांडला तेव्हा वर्षाचा नफा जाऊन वर थोडं कर्ज दिसलं. तरी अण्णा ऐकेनात. या वेळी मी बापूंच्या बाजूचा होतो हे नमूद करतो. आज मागे वळून बघताना माझं मत बदललं आहे. पण अण्णांनी हे एकट्यानं ठरवलं, तेही चौघांच्या सह्यांनी ठरवायची पद्धत घरात येऊन अडीच वर्षं झाल्यावर. त्याची किंमत नंतर द्यावी लागली. बापूंनी तेव्हापासून बँकेत जाणं सोडलं.

परिणाम

१९पैकी १७ गाड्या आल्या. दोन मालकांनी 'चाललंय ते बरंय' म्हणून नकार दिला. त्यांच्याकडून तसं लेखी घेतलं. नव्या बसवणीत नळीच्या जागी उघडा चॅनेल आला, त्याचं टोक तिरपं कापलेलं, खाली बाभळीची पट्टी आणि पुढच्या जोडावर स्प्रिंग. त्यानंतर २०२४च्या अखेरपर्यंत एकाही गाडीला त्या जागी तडा आल्याची खबर नाही.

गाडी आत आल्यापासून बाहेर जायला आता सरासरी १३ दिवस लागतात. शेडवर २९ माणसं आहेत. डागडुजीच्या शेडचा नफा अजूनही नव्या हौद्यांच्या बरोबरीनं आहे, काही महिने जास्तच. बापूंचे जुने आकडे बरोबर होते, हे ताईनं २०२३मध्ये एका बैठकीत त्यांच्यासमोर म्हटलं. डीलरचं काम घेतलं, पण मर्यादेत. एका तिमाहीत मर्यादा ओलांडली गेली आणि लगेच ९० दिवसांची उधारी अंगावर आली.

गिऱ्हाईक मात्र बदललं. एकदोन गाड्यांचे जुने मालक, अण्णांच्या शब्दावर येणारे, हळूहळू पूर्ण बांधलेल्या गाड्यांकडे गेले. आता येतात ते चार-सहा गाड्या असणारे, तारीख आणि वजन विचारणारे. अण्णा अजून सकाळी गेटवर बसतात. ओळखीचं कुणी दिसलं की चहा होतो, काम असो-नसो.

ताईच्या भागीदारीचा कागद २०२४च्या अक्षय्य तृतीयेला सही होणार होता. बापूंनी 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं. हे लिहिताना तो अजून वकिलाकडेच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट माझी. 'काय जपायचं' हा प्रश्न मालकांना विचारला की ते दिसणाऱ्या गोष्टी सांगतात: नाव, रंग, लाकूड. हाताला ठाऊक असलेलं कुणी बोलून दाखवत नाही, कारण ते करणाऱ्याला सांगण्यासारखं वाटतच नाही. मिस्त्रींना बसवून 'काय जपायचं' विचारलं असतं तरी ते 'काय न्हाई बा' म्हणाले असते. त्यांना गाडीखाली नेऊन 'हे असं का करता?' असं दर खुणेला विचारायला हवं होतं. टाळेबंदीत दादानं काठ्या घरी नेल्या, मिस्त्री त्यांच्या घरी राहिले. मापं आली, कारणं राहिली. फोनवर तासभर बोलणं झालं असतं तरी पुरलं असतं.

दुसरं, पहिला हौदा एक अख्खा हंगाम खडीच्या रस्त्यावर चालवून मग विकायला काढायचा होता. मान्यता मिळाली की काम झालं असं आम्ही सगळ्यांनी धरलं. मान्यतेनं कायद्याचा प्रश्न सुटला होता, रस्त्याचा सुटायचा होता. अर्थात तेव्हा हातात पैसा नव्हता आणि दीड वर्ष शेड अर्धं रिकामं होतं. दादानं घाई केली ती हौसेनं नव्हे.

तिसरं केबिनवाल्यांचं. त्यांना तीन महिने आधी सांगितलं असतं तर गेलेल्या दोघांपैकी एक जण थांबला असता, असं मिस्त्रींचं मत आहे. तो पत्र्याचं काम उत्तम करायचा आणि आज डागडुजीला त्याच्यासारखा माणूस सापडत नाही.

आणि बापू. चार बैठकांत सगळ्यांत नेमके आकडे त्यांच्याकडे होते आणि सगळ्यांत कमी बोलायला त्यांना मिळालं. प्लॉट भाड्यानं द्यायचा मुद्दा नाकारणं ठीक होतं. पण डागडुजीची शेड ही त्यांची कल्पना आहे असं इतिवृत्तात एक ओळ लिहिली असती, तर २०२२मध्ये ते वेगळ्या जागी उभे असते आणि ताईचा कागदही कदाचित एवढा रेंगाळला नसता. हा माझा अंदाज आहे. दादाला तो पटत नाही. त्याच्या मते बापू एरवीही नाहीच म्हणाले असते.

मिस्त्री आता ७२चे आहेत. आठवड्यातून तीन दिवस येतात आणि नव्या पोरांना गाडीखाली घेऊन जातात. दादा शेजारी मोबाईल धरून सगळं रेकॉर्ड करतो. उरलेल्या ११ काठ्या मागच्या भिंतीलाच आहेत. त्या टाकून द्यायला मिस्त्रींनी मनाई केलीय: जुनी गाडी दारात आली की लावून बघू. मागच्या पावसाळ्यात तळ बदलायला एक जुनाट बेडफर्ड आली, तिला त्यातली एक लागली. आता १० राहिल्यात.